पहिल्यांदा कधी दाखवला?

३ मार्च २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू "सिलिंडर उद्या आणा" म्हणून ठेवून दिलास, दुसऱ्यांदा "आम्हाला विमा नको" म्हणून. कानातलं मशीन कपाटात ठेवून ऐकू येत नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं असेलच. तेव्हा आता पत्रच.

मी चित्रपट संग्रहालयात नक्की काय करतो, असं तू दर वेळी विचारतेस आणि ऐकून घेऊन "म्हणजे डबे पुसतोस" म्हणतेस. तर मागच्या महिन्यात असाच एक डबा पुसत होतो. गंजलेला, उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास. जुनी फिल्म सडायला लागली की असा वास येतो. आत निघाला बावीस मिनिटांचा माहितीपट, 'उजेडाचा कारखाना'. तुझ्या ट्यूबलाइटच्या कारखान्याचा! कंपनीनेच करून घेतलेला. काच फुंकणारे, नळ्या वाहून नेणाऱ्या गाड्या, आणि पावडर खात्यात मुलींची रांग. त्यातली एक टेबलाशी उभी राहून नळीच्या टोकावरची पांढरी पावडर ब्रशने पुसते, मान वर करते आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसते. मी ओरडलोच, "ही माझी आत्या!" तेच नाक, तीच हनुवटी. बाबांची पण तशीच होती.

आता कामाचं. तो कारखाना पाडतायत हे तू वाचलं असशील. सप्टेंबरात आम्ही जुन्या कारखान्यांवर एक प्रदर्शन भरवतोय, त्यात ही फिल्म दाखवायची आहे. पण तिचा कॉपीराइट संपलाय की नाही, ते आधी ठरवायला हवं. नियम असा, की फिल्म पहिल्यांदा लोकांना दाखवली ते वर्ष संपल्यापासून साठ वर्षं ती मालकाची. मग ती सगळ्यांची. चित्रीकरण जून १९६३ चं आहे, एवढं कागदावर आहे. दाखवली कधी, ते कुठेच नाही. तुला आठवतं का? साल तरी?

तुझा,
सोन्या


१४ मार्च २०२५

चिरंजीव सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

चोपन्न वर्षांचा बाप्या सही 'सोन्या' करतो, तुमच्या ऑफिसात हसत असतील. मशीन कपाटात नाही, कानातच असतं. पण त्यातून फक्त पंख्याची घरघर ऐकू येते, माणसं नाही.

सिनेमा आठवतो. दाखवला तो १९६४ च्या ऑक्टोबरात, कारखान्याच्या कँटीनमध्ये. दुपारची वेळ. उजेड नको म्हणून खिडक्यांना पॅकिंगचा खाकी कागद चिकटवला होता. फक्त कामगारांना बोलावलं होतं. माझ्या शेजारी धाकटी बसली होती. स्वतःला पडद्यावर बघून म्हणाली, "ताई, मी किती जाडी दिसते गं!" सगळ्या हसलो. मशीन मध्येच बंद पडलं, मग परत सुरू झालं. एवढंच आठवतं.

डबे पुसताना तोंडाला फडकं बांधत जा. जुन्या वस्तूंवरची धूळ चांगली नसते.

सूनबाईंना आशीर्वाद, पोरीला पापा.

तुझी आत्या


२७ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. खाकी कागद, मध्येच बंद पडलेलं मशीन! असा साक्षीदार आम्हाला वीस वर्षांत मिळाला नाही. आमच्या कायद्याच्या बाई म्हणाल्या, कामगारांना गोळा करून दाखवली म्हणजे लोकांना दाखवली असंच धरता येईल.

आणि तुझ्या त्या एका सालावर सगळं अवलंबून होतं, हे तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. १९६४ म्हणजे गेल्या डिसेंबरला साठ वर्षं पूर्ण. फिल्म मोकळी! १९६५ असतं तर हे पूर्ण वर्ष थांबावं लागलं असतं, आणि प्रदर्शन हातचं गेलं असतं.

एकच काम उरलं. तू लिहिलंस तेच शपथपत्रावर लिहून नोटरीसमोर सही करायची. मसुदा सोबत पाठवतोय.

आणि धाकट्या आत्याही फिल्ममध्ये आहेत? कुठे? बाबा त्यांच्याबद्दल कधीच बोलायचे नाहीत. तापाने गेल्या, एवढंच माहीत आहे. पॅकिंगच्या खोलीत एक लांब वेणीची मुलगी पाठमोरी दिसते, त्या का?

तुझा,
सोन्या


६ एप्रिल २०२५

चि. सोन्यास,
आशीर्वाद.

गुडघ्याने उचल खाल्ली आहे. नोटरी तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि लिफ्ट त्याच्यासारखीच दुपारी झोपते. शपथेचं नंतर बघू. तुझ्या प्रदर्शनाला अजून अवकाश आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाई पेटीत टाकतायत म्हणून एवढंच.

आत्या


२ मे २०२५

प्रिय आत्या,

गुडघ्याला तेल लावतेस ना? नोटरीची काळजी करू नकोस. मी बोललो, तो घरी येईल. तू खुर्चीतून उठायचंही नाही.

आता घाई अशासाठी, की ज्या कंपनीने तुमची कंपनी विकत घेतली, तिच्या वकिलाचं पत्र आलंय. फिल्म दाखवायला परवानगी नाही. कारण दिलंय, "पावडर खात्याच्या दृश्यांमुळे आरोग्याविषयी गैरसमज पसरू शकतो." म्हणजे मुली तोंडाला काही न बांधता त्या पांढऱ्या धुरळ्यात उभ्या आहेत, हे लोकांनी बघायला नको. मला तर वाटतं, नेमकं तेच बघायला हवं.

एक छोटीशी अडचण आहे. ज्या लॅबने फिल्म धुतली, तिच्या जुन्या वहीत 'प्रत पाठवली' अशी नोंद सापडली. तारीख ११ जानेवारी १९६५. साहेब म्हणाले, मग ऑक्टोबरात काय दाखवलं? मी म्हणालो, ही दुसरी प्रत असणार. माझी आत्या पंख्याची घरघर सोडून काही ऐकत नसेल, पण विसरत काही नाही. आधीची प्रत असणारच, नाही का?

नोटरीला कुठल्या दिवशी पाठवू?

तुझा,
सोन्या


१९ जून २०२५

सोन्या,

नोटरी आला होता. भला माणूस. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. शाईचा शिक्का काढून बसला होता बिचारा. त्याने मसुदा मोठ्याने वाचला. "मी शपथेवर सांगते, की माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती," इथपर्यंत आला आणि माझा हात उचलेना.

दुसरी प्रत नव्हती. एकच होती. सिनेमा दाखवला १९६५ साली, २१ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी. घरच्यांनाही बोलावलं होतं. मी आणि आई गेलो. धाकटी ९ डिसेंबरला गेली होती.

ती हसणारी मुलगी मी नाही. ती धाकटी. तू पहिल्या पत्रात "माझी आत्या" लिहिलंस ते चूक नव्हतं म्हणा, तीही तुझी आत्याच. म्हणून मी दुरुस्त केलं नाही. असं मनाला सांगितलं.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

पावडरच्या टेबलावर मी होते. दोन वर्षं. बोटांना भेगा पडायच्या, सकाळी उठलं की खोकला. धाकटी नुकतीच लागली होती, तिला मी पॅकिंगमध्ये चिकटवून दिलं होतं. तिथे बसायला स्टूल आणि मोठी खिडकी. सिनेमावाले आले त्या दिवशी माझी दाढ सुजली होती, गाल हा एवढा. त्यांचा मुख्य माणूस म्हणाला, "ही हसली तर लोक पळून जातील, दुसरी कोणी आणा." मीच म्हणाले, "माझी बहीण आहे पॅकिंगला. सिनेमाचं वेड आहे तिला." मीच पळत जाऊन घेऊन आले. माझा एप्रन तिला बांधला. ती लाजून मान वर करेना, म्हणून मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून सुजलेला गाल आणखी फुगवून दाखवला. तेव्हा ती हसली. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, सोन्या.

संध्याकाळी मुकादम म्हणाला, "हिचा हात हलका आहे. हिला इथेच राहू दे, तू पॅकिंगला जा. चालेल ना?"

मी म्हणाले, "चालेल."

मला ठाऊक होतं ती पावडर कशी आहे. डॉक्टरसारखं नाही, पण अंगाला ठाऊक होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण खिडकीजवळचं स्टूल मिळत होतं. मी वीस वर्षांची होते आणि दमले होते.

ती दोन-चार आठवड्यांनी विचारायची, "ताई, परत बदलूया का गं?" मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात मुकादमाला सांगते." असे बरेच पुढचे महिने झाले. मग ती विचारायची थांबली. फक्त, "सिनेमा कधी दाखवणार?" हे शेवटपर्यंत विचारत होती. अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा. जिना चढल्यासारखी धाप लागायची, निजल्या जागी. ताप नव्हता. ताप हे आम्ही लोकांना सांगितलं, कारण डॉक्टरांनीच दुसरं काही सांगितलं नाही.

कँटीनमध्ये ती पडद्यावर आली तेव्हा आई उठून उभी राहिली. मागचे लोक "बसा, बसा" करू लागले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, सगळे गप्प झाले. मशीनवाल्याने न सांगता तेवढा तुकडा परत लावला. मशीन बंद पडलं नव्हतं. त्याने थांबवलं होतं.

घरी येताना आईने विचारलं, "तिने बघितला होता का गं हा?"

मी म्हणाले, "हो आई. ऑक्टोबरात. फक्त कामगारांना दाखवला होता."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ताई, मी किती जाडी दिसते."

आई हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मग मी ते परत घेऊ शकले नाही. आई पुढे बावीस वर्षं जगली आणि दर थोड्या दिवसांनी म्हणायची, "सांग ना, काय म्हणाली होती?" मी सांगायचे. खाकी कागद तर फेब्रुवारीचाच होता, पण शेजारची खुर्ची मी भरली. इतक्या वेळा भरली, की तुझं पत्र आलं तेव्हा हात आपोआप तेच लिहून गेला. तुला फसवायचं नव्हतं.

अदलाबदलीचं आईला कधी सांगितलं नाही. तुझ्या बाबाला माहीत होतं. तो लहान होता, पण डबा द्यायला यायचा, त्याने बघितलं होतं. तो काही बोलला नाही, आणि तेच सगळ्यात जड होतं.

तुझं प्रदर्शन माझ्यामुळे बुडणार. पण खोटी शपथ मला जमली नाही.

आत्या


३० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

दोन महिने उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर रागावलो होतो. कुणावर, ते कळत नव्हतं. तुझ्यावर असावा म्हणून शोधला, पण तिथे सापडला नाही. मुकादमावर रागवावं तर तो कधीच गेला असेल. बाबांवर थोडा सापडला. आम्हाला एक आत्या कमी करून ठेवली त्यांनी.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नोंद बदलली. 'पहिलं प्रदर्शन: २१ फेब्रुवारी १९६५.' लॅबच्या वहीशी ते जुळतं. साहेब म्हणाले, "चार महिन्यांच्या फरकासाठी? शपथपत्र मिळालं असतं तर कुणी विचारायला आलं नसतं." मी म्हणालो, मी विचारायला आलो असतो. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात उघडतंय, फिल्मशिवाय. तिच्या जागी काच फुंकायच्या नळ्या मांडल्यात. ३१ डिसेंबरपर्यंत ती त्या कंपनीची. १ जानेवारीला कुणाचीच नाही.

काल फिल्म परत बघितली. ती एकेचाळीस सेकंद आहे. आता मला ती तुझ्यासारखी दिसत नाही.

"तुझी काही चूक नव्हती" असं वाक्य मी इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला तो अधिकार नाही. जानेवारीत, प्रत बाहेर काढता येईल तेव्हा, ती घेऊन तुझ्याकडे येऊ का? नको असेल तर स्पष्ट नको म्हण.

तुझा,
सोन्या


११ सप्टेंबर २०२५

चि. सोन्यास,
आशीर्वाद.

ते वाक्य खोडलंस ते बरं केलंस. वरच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं, तर त्या लगेच तेच म्हणाल्या आणि मला त्यांचा राग आला. चांगल्या आहेत हो त्या.

बाबावर रागावू नकोस. त्याने तुला आत्या कमी केली नाही. माझी लाज झाकली.

ये जानेवारीत. तोवर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेते. बघायचं तर नीट बघावं.

आत्या


१९ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुझ्याकडून परतलो तेव्हापासून धावपळ. शनिवारी फिल्म जाहीरपणे दाखवली. त्या वकिलाचं परत पत्र आलं होतं. आमच्या बाईंनी दोन ओळींत उत्तर दिलं, की आता हा प्रश्न तुमचा राहिलेला नाही. सभागृहात साठेक माणसं होती. फिल्म संपल्यावर एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "माझी आई त्या रांगेत तिसरी आहे. तिचाही खोकला कधी गेला नाही. आम्हाला वाटायचं, आमच्याच घरात काहीतरी आहे." मग खाली बसले. नंतर आणखी दोघांनी नावं-पत्ते लिहून दिले. त्यांच्यातली एक डॉक्टर आहे, तिला सगळ्यांना भेटायचंय.

फिल्ममध्ये दिसणाऱ्या माणसांची नोंद आता आम्ही करतोय. एक छापील फॉर्म सोबत आहे. नाव, वय, काम, शेरा. धाकट्या आत्यांचा तूच भरावास असं वाटतं.

तू त्या दिवशी फिल्म बघून "छान आहे" म्हणालीस आणि उठलीस. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

तुझा,
सोन्या


२७ जानेवारी २०२६

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही विचारलंस तेच बरं. स्वयंपाकघरात मी इतका वेळ होते, तेव्हा तू बाहेरून विचारलंस, "आत्या, गॅस पेटत नाही का?" पेटत होता. मी त्याच्याकडे बघत उभी होते.

मला वाटलं होतं, तिला बघून मला ते सगळं आठवेल. धाप, अंथरूण. तसं झालं नाही. मला धक्का बसला तो, ती केवढीशी होती याचा. सोन्या, माझ्या मनात ती माझ्याबरोबर वाढत आली होती रे. तिचे केस माझ्यासारखेच पिकले होते, तिच्याशी मी भाजीवरून भांडायचे, तिने मला माफ केलं की नाही यावरून आम्ही दोघी म्हाताऱ्या इतकी वर्षं वाद घालत होतो. आणि तुझ्या त्या पडद्यावर एक पोर उभी. तुझ्या मुलीपेक्षा लहान. तिला वादबिद काही माहीतच नाही. माझ्या गालाला हसतेय. तिच्याकडे माफी मागायची तरी कशी? तिला कळलंच नसतं, ताई कशाबद्दल बोलतेय.

म्हणून आईसारखं परत लाव म्हणाले नाही. तू ठेवून गेलेला तो पेनड्राइव्ह टेबलावर आहे. वरच्या बाई लावून देते म्हणतात. मी अजून हो म्हणाले नाही.

तो तिसऱ्या मुलीचा मुलगा, त्याला माझा पत्ता दे. त्याची आई मला आठवते. गाणी म्हणायची. त्याला कुणी सांगितलं नसेल.

फॉर्म भरून पाठवते आहे. अक्षर वाकडं आहे, पण खोडलेलं एकाच ठिकाणी. नावाच्या जागी पूर्ण नाव लिहिलंय, आम्ही हाक मारायचो ते नाही. किती वर्षांत लिहिलं नव्हतं, एक अक्षर अडलं. वय सतरा.

कामाच्या रकान्यात तू आधीच पेन्सिलीने 'पावडर खातं' लिहून ठेवलं होतंस. ते मी खोडलंय. ती पॅकिंगची मुलगी होती. 'पॅकिंग' लिहिलंय. आणि खाली शेऱ्यात: 'चित्रपटात उभी आहे ती जागा तिच्या मोठ्या बहिणीची. एका दिवसासाठी दिली होती, परत घेतली नाही.' त्याखाली माझी सही आहे.

हे तुमच्या नियमात बसत नसेल तर बसव.

तुझी आत्या